रॅग्लन स्वेटर (गळ्याकडून खाली विणलेला)

गोल सुईवर गळ्यापासून घेरापर्यंत सलग विणला जाणारा, शिवणीविना पूर्ण होणारा स्वेटर. नाव लॉर्ड रॅग्लन या ब्रिटिश सेनानीवरून आले. 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत त्याने उजवा हात गमावला. गळ्यापर्यंत तिरकी जाणारी बाही त्याच्या कोटावरून ओळखली जाऊ लागली. पुढे क्रिमियन युद्धात तो ब्रिटिश सेनापती होता; कार्डिगनचे नावही त्याच युद्धातल्या एका सरदाराचे. लढाई गाजली नसेल इतके कपडे गाजले!

गळ्याचे टाके पाठ, पोट आणि दोन बाह्या असे वाटून मध्ये चार खुणेच्या कड्या घालतात. प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवतात. म्हणजे एका फेरीत 8 टाके वाढतात. पुढची फेरी साधी. काखेपर्यंत पोचल्यावर बाह्यांचे टाके जादा धाग्यावर काढून ठेवतात, काखेत थोडे नवे टाके घालतात आणि धड विणत नेतात. बाह्या शेवटी.

नवख्याची फजिती बहुधा पहिल्याच फेरीत होते: टाक्यांना पीळ पडला, तर उसवण्यावाचून इलाज नसतो.

मोठा फायदा मापाचा. विणतानाच स्वेटर अंगात घालून पाहता येतो. या पद्धतीवरचे बार्बरा वॉकर यांचे पुस्तक 1972 मध्ये निघाले.