लहान शहर आणि संसार

आमचा एक भाचा गेलीं दहा वर्षें मुंबईंत नोकरी करून आहे. नऊ वर्षांची मुलगी व पांच वर्षांचा मुलगा अशीं त्याला दोन अपत्यें. मध्यंतरीं त्याचें पत्र आलें. सांगलीस एक जागा मिळते आहे. पगार थोडा कमी, परंतु घरभाडें पुष्कळच कमी. तेव्हां मुलांच्या दृष्टीनें जावें कीं न जावें, तें मामांनीं सांगावें.

अशा प्रश्नास दोन ठराविक उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो, लहान गांवीं हवा स्वच्छ, माणसें ओळखीचीं, मुलांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर, जावें. दुसरा म्हणतो, तेथें आहे काय? हीं दोन्ही उत्तरें गांव न पाहतां देतां येतात, हाच त्यांचा दोष. आमच्या मतें, गांव संसारास कसें आहे हें कळावयास तेथें कोण कां आलें, कोण कां राहिलें व कोण कां निघून गेलें, हें पाहिलें पाहिजे. आणि हा इतिहासाचा विषय आहे.

सांगली हें कांहीं फार प्राचीन नगर नव्हे. शेजारचें मिरज जुनें, किल्ल्याचें व दर्ग्याचें. सांगली त्या मानानें कालची. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे चुलते गंगाधरराव यांच्याशीं न पटल्यामुळें मिरजेपासून विभक्त झाले व कृष्णाकांठच्या या गांवीं त्यांनीं आपली राजधानी केली. किल्ला झाला, नदीकांठीं गणपतीचें मंदिर उभें राहिलें. राजधानी म्हटली म्हणजे कारकून, पुराणिक, वैद्य, सोनार, व्यापारी असे सर्वच लोक हवेत. आणि अशीं माणसें एकटीं येत नाहींत, बायकामुलें घेऊन येतात. म्हणजे आज भाच्यापुढें जो प्रश्न उभा आहे, तोच सव्वादोनशें वर्षांपूर्वीं कित्येक कुटुंबांपुढें उभा राहिला असला पाहिजे; आणि त्यांनीं जें उत्तर दिलें त्यांतूनच हें शहर वसलें.

त्या उत्तराचें फळ लवकरच दिसूं लागलें. आप्पासाहेबांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. पुढें १८५५ सालीं जवळच्याच हरिपुरास गोविंद बल्लाळ देवल जन्मले, १८७२ सालीं सांगलींत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, आणि १८९८ सालीं येथेंच विष्णु सखाराम खांडेकर. एवढ्याशा टापूंत इतकीं नांवें निपजावीं हें केवळ दैवानें घडलें असें आम्हांस वाटत नाहीं. लहान गांवांत देऊळ, बाजार, नाटकवाल्यांचा तळ व विद्वानाचें घर हीं सारीं एका फेरफटक्याच्या अंतरावर असतात. मुलाच्या नजरेस तीं सहज पडतात.

परंतु एवढें सांगून थांबणें म्हणजे अर्धाच इतिहास सांगणें होय. खाडिलकर उच्च शिक्षणासाठीं पुण्यास गेले आणि त्यांचें कार्य झालें तें 'केसरी'ंत व नंतर मुंबईस 'नवाकाळ'मध्यें. खांडेकर पुण्यास शिकले, शिरोड्यास शिक्षक झाले आणि पुढें कोल्हापुरास राहिले. देवलांचें आयुष्यही बहुतांशीं बाहेरच गेलें. गांवानें त्यांस वाढविलें. ठेवून घेण्याजोगें मात्र गांवापाशीं पुरेसें कांहीं नव्हतें.

ही उणीव अंशतः भरून निघाली ती १९१९ सालीं. त्या वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें सांगली व मिरज यांच्या दरम्यान विलिंग्डन महाविद्यालय काढलें. पुण्यास ठेवून शिकविण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांच्या घरीं यामुळें केवढा फरक पडला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. मुलाला परगांवीं धाडणारे आईबाप मुलीला धाडतीलच असें नसे. १९४७ सालीं अभियांत्रिकीचेंही महाविद्यालय निघालें. त्यापूर्वींच, १८९४ सालीं, दोन-तीन कोसांवरील मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांचें मिशन रुग्णालय उभें राहिलें होतें. मध्यरात्रीं मुलास ताप भरला म्हणजे जवळच्या दवाखान्याचें मोल काय असतें, तें आईस विचारावें. सारांश, सांगलीचें बळ एकट्या सांगलींत नाहीं. एकमेकांची उणीव भागविणारीं दोन शहरें शेजारीं आहेत, यांत तें आहे. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९४९ सालीं नव्या जिल्ह्याचें ठाणें येथें आलें, आणि १९९८ सालीं सांगली, मिरज व कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती सुमारें पांच लाख होती. आश्रय देणारा राजा गेला. गांवाचें बरेंवाईट नागरिकांवर येऊन पडलें.

आतां दुसरी बाजू. ज्या कृष्णेनें गांव पोसलें तीच त्याची परीक्षाही घेते. १९२९ सालीं झालेल्या आयर्विन पुलापाशीं आज पुराचें माप घेतात. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें. हरिपुराकडे हळद सांठविण्याचीं पेवें असत. कोरडी व घट्ट माती नेमकी हेरून जुन्या लोकांनीं तीं जमिनींत खणलीं होतीं. पण २००५ च्या पुरानें त्यांतही पाणी शिरलें. पूर्वजांचा अनुभव जेथें पुरला नाहीं, तेथें भाड्याचें घर पाहणारानें घरमालकाच्या शब्दावर विसंबूं नये हें बरें.

दुसरी गोष्ट लिहितांना हात अडखळतो. २००१ च्या शिरगणतींत या जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली साडेआठशेंच्या आसपास भरल्या; २०११ सालीं आंकडा किंचित् सुधारला, तरी नऊशेंपर्यंत पोंचला नाहीं. ज्या मातींतल्या देवलांनीं जरठकुमारीविवाहावर 'शारदा' लिहिलें व तें १८९९ सालीं रंगभूमीवर आलें, त्याच मातींत शंभर वर्षांनीं ही गत व्हावी! गर्भपरीक्षेचें यंत्र कांहीं अडाण्याच्या झोपडींत नसतें. तें शिकल्यासवरलेल्यांच्या हातीं असतें. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची जी नजर आपण एवढी वाखाणतों, तिनें हें थांबविलें नाहीं. ती नजर पोरीचा पोशाख न्याहाळते, घरीं केव्हां आली तें टिपते. पाळण्यांत कोण नाहीं, तें मात्र तिला दिसत नाहीं. हा दोष एकट्या सांगलीचा नव्हे हें खरें. परंतु लहान शहर म्हणजे आपोआप सोज्वळ शहर, हा समज यानें पार ढांसळतो.

तेव्हां आम्हीं भाच्यास लिहिलें तें असें : शिक्षण, औषधपाणी व कलेचा सहवास, यांसाठीं सांगली आज मुंबईस अगदींच भिऊन राहील असें नाहीं. मुलें अठरा वर्षांचीं होईपर्यंत त्यांस पुरेल एवढें तेथें आहे. त्यानंतर तीं बहुधा पुण्याकडे वळतील. खाडिलकर-खांडेकरांच्या वेळचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं, हें मनाशीं धरूनच जावें. घर २०१९ चें पाणी जेथवर आलें त्याच्या वर घ्यावें. आणि तुझ्या पत्नीस तेथें काय काम मिळेल तें आधीं पाहावें. एकाच्या स्वस्ताईसाठीं दुसऱ्यानें घरीं बसणें हा हिशोब खरा नव्हे.

उत्तर आलें तें भाच्याचें नव्हे, भाचेसुनेचें. तिनें दोनच गोष्टी विचारल्या होत्या : पुराची रेघ कोणत्या गल्लींतून जाते, आणि मुलीला एकटीला सायकलवरून शाळेंत जातां येईल का. दोन पानांच्या आमच्या उपदेशापेक्षां हे दोन प्रश्न आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटले. पहिल्याचें उत्तर चौकशी करून देतां येईल. दुसऱ्यासाठीं पुढील महिन्यांत त्या सर्वांस घेऊन आम्ही सांगलीस जात आहों, आणि शाळा सुटण्याच्या वेळीं रस्त्याच्या कडेस उभे राहून किती मुली एकट्या घरीं जातात तें पाहणार आहों.