बिऱ्हाड कधी करणार?

(पोस्ट लांब आहे. घरातलं कुणी परदेशी जायच्या तयारीत असेल तर सवडीने वाचा, आणि त्यालाही वाचायला द्या.)

ओरोस, कुडाळ, कणकवली या पट्ट्यात हल्ली चहाच्या टपरीवर बसलात तरी एक वाक्य कानावर पडतंच, "माझो झील जर्मनीक चललो." कुणी आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन असतो, कुणाची मुलगी नर्स असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, दहा हजार जणांचं उद्दिष्ट जाहीर झालं, तेव्हापासून ही चर्चा वाढली. गल्फवाले तर आधीपासून आहेतच. या सगळ्या चर्चेत पहिला प्रश्न असतो पगार किती. बायको-पोरांना नेता येणार का आणि नेल्यावर त्या पगारात भागणार का, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "आधी ह्यो जावंदे, मगे बघूया."

हे "मगे बघूया" आपल्याकडे निदान शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. तेव्हा व्हिसा नव्हता, मुंबई होती. आणि मुंबईहून मे महिन्यात आलेल्या चाकरमान्याला घरची म्हातारी माणसं विचारायची, "बिऱ्हाड कधी करतलंस?" बिऱ्हाड करणं म्हणजे नुसती खोली घेणं नव्हे. बायकोला गावाहून आणून मुंबईत चूल मांडणं. कित्येकांच्या आयुष्यात हा दिवस आलाच नाही. नोकरी संपली आणि ते गावी परतले, तेव्हा मुलांची लग्नं झालेली होती.

कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सुती गिरणी उभारायला १८५४ मध्ये घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांना माणूस पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अगदी पुढे होता. (आपला सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला. त्याआधीच्या कागदपत्रांत रत्नागिरी म्हटलं की त्यात मालवण, वेंगुर्ला, देवगड, कणकवली सगळं आलं.) माणूस देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने जायचा, आणि बहुतेक वेळा एकटाच. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्म्या पुरुषांच्या वाट्याचं घर दुसरीकडे कुठेतरी होतं. पुष्कळांचं आपल्याकडे.

त्या एकट्या माणसाच्या राहण्याची जी व्यवस्था होती, ती आजच्या पोरांनी ऐकावी. गावाने मिळून मुंबईत एक-दोन खोल्या घ्यायच्या, त्याला गाळा म्हणत. एका गाळ्यात वीस-तीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला येऊन झोपायचा. जेवण खानावळीत. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे मुंबईत असेच 'कूड' होते, बोटीवर काम करणाऱ्यांसाठी गावागावाने चालवलेले. दुबईच्या लेबर कॅम्पमधल्या एका खोलीत आठ पलंग असतात म्हणून आपण हळहळतो, पण ती रचना आपल्याला काही नवी नव्हती.

मनीऑर्डरचं काम पोस्टाने १८८० मध्ये हाती घेतलं आणि कोकणचा संसार त्यावर चालू लागला. "मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा" असं आपल्याला हिणवलं जातं. मला ते वाक्य नेहमी अर्धवट वाटत आलंय. मुंबईचा पैसा गावात यायचा हे खरं. पण गावातून मुंबईला काय जात होतं, ते कुणी मोजलं नाही. गिरणीचा पगार एका माणसाला जगवण्यापुरता. मूल जन्माला येण्यापासून ते वाढवण्यापर्यंत, आजारी पडलेल्या कामगाराला परत उभं करण्यापासून ते म्हातारपणी त्याला सांभाळण्यापर्यंत सगळा खर्च गावातलं भात, नाचणी आणि मुख्यतः घरातली बाई उचलत होती. भात लावणारी, कवळं तोडणारी, सासू-सासऱ्यांचं करणारी ती होती, म्हणून मालकाला त्या पगारात कामगार मिळत होता. मनीऑर्डरच्या फॉर्मवर या उलट्या रकमेसाठी रकाना नव्हता.

कुटुंब का आणता येत नव्हतं? भाडं. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची मोठी पाहणी केली, फिंडले शिरास यांचा अहवाल म्हणून ती ओळखली जाते. त्यात दिसलं की ९७ टक्के कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहतात. म्हणजे ज्यांनी बिऱ्हाड केलं त्यांचीही ही स्थिती. त्याच सुमारास सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या. कामगारांना घरं नाहीत म्हणून बांधल्या, आणि सुरुवातीला कित्येक वर्षं त्यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या! भाडं झेपत नव्हतं, कामाची जागा लांब पडत होती. घर असणं आणि घर परवडणं यातला फरक सरकारला तेव्हाही कळला नव्हता.

मग बिऱ्हाडं झाली कशी? कारण पुढे झालीच की. लालबाग-परळला लाखो कोकणी संसार उभे राहिले. लोकांनी काटकसर केली म्हणून, असं उत्तर आपण देतो. काटकसर तर आधीचेही करत होते. बदलले ते नियम. १९४७ मध्ये मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला आणि खोलीचं भाडं जागच्या जागी थांबलं. त्याच वर्षी औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने गिरण्यांतला पगार प्रमाणित झाला, किमान ३० रुपये आणि वर महागाई भत्ता. १९४८ चा कामगार विमा कायदा १९५४ मध्ये मुंबईत लागू झाला, आजारपणाचा खर्च थोडा तरी हलका झाला. यातलं काही मालकांनी आपण होऊन दिलं नाही. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आठवा. तो संप इतका टिकला याचं एक कारण हेच की हजारो कामगार सरळ गावी निघून गेले आणि घरचं भात खाऊन राहिले. गावची चूल अशी लढ्यालाही उपयोगी पडली.

आणि दुसरी गोष्ट, ज्याबद्दल कमी बोललं जातं: मुंबईत आलेली बाई कमवायला लागली. काही गिरण्यांच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यात गेल्या. पुष्कळ जणींनी त्याच एका खोलीत खानावळ चालवली, दहा-पंधरा गाववाल्यांना जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकांचं कर्ज मिळवून दिलं. एका पगारात मुंबईत कुटुंब उभं राहिलं अशी उदाहरणं कारकुनांत सापडतील. गिरणगावात दुसरा हात लागलाच.

एवढं सगळं सांगितलं ते या तीन गोष्टींसाठी: भाड्याचा नियम, आजारपणाचा खर्च कुणाचा, आणि बायकोला कमवायची मुभा. आजच्या कुठल्याही तात्पुरत्या वर्क व्हिसाकडे बघताना हेच तपासावं लागतं, आणि पगाराचा आकडा त्यानंतर. गल्फपासून सुरू करू.

१९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला आणि कोकणातून गल्फची वाट वाहती झाली. तिथे कुटुंब आणायला पगाराची अटच असते. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून ती ४,००० दिरहम आहे, किंवा ३,००० दिरहम आणि कंपनीची राहायची जागा. त्याखालचा कामगार दहा वर्षं राहिला तरी गाळ्यातलाच. सौदीत वेगळाच प्रकार झाला. जुलै २०१७ पासून कामगाराबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल फी सुरू झाली, दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ती ४०० झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० रियाल, नुसते बरोबर राहण्याचे. लोकांनी तिथे संसार मांडलेले होते, मुलं शाळेत होती. अनेकांनी कुटुंबं परत पाठवली आणि स्वतः पुन्हा शेअरिंगच्या खोलीत गेले. बिऱ्हाड करून पुन्हा मोडावं लागलं.

इंग्लंडकडे बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी केअर वर्करना व्हिसा खुला केला, कुटुंबासकट. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी. जुलै २०२५ मध्ये तर परदेशातून नवी भरतीच थांबवली. बाकीच्या कुशल कामांसाठी पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० वर नेली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. शिवाय आरोग्य अधिभार: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि पूर्ण व्हिसाच्या काळाचा आगाऊ. नवरा-बायको आणि दोन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा, गुणाकार करा. १८,११० पौंड. आजच्या दराने वीस लाखांच्या वर. (नर्स, डॉक्टरांच्या हेल्थ अँड केअर व्हिसाला हा अधिभार नाही, एवढं बरं.) हा पैसा पहिला पगार हातात पडायच्या आधी भरायचा आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा कलमांची बाग गहाण टाकून उभा राहतो. एक गोष्ट मात्र इंग्लंडच्या बाजूने सांगायला हवी. ज्याला कुटुंब नेता येतं, त्याच्या जोडीदाराला तिथे काम करता येतं.

अमेरिकेत ती मुभा नव्हती. एच-वन-बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला, आणि त्यावर गेलेल्याच्या बायकोला एच-फोर मिळायचा, ज्यावर नोकरी करता येत नाही. इंजिनिअर झालेल्या कितीतरी मराठी मुली तिथे वर्षानुवर्षं घरी बसल्या. २०१५ मध्ये त्यातल्या काहींना, म्हणजे नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला असेल तर, परवानगी मिळाली. आणि नवऱ्याची नोकरी गेली तर? साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी किंवा दुसरी काही कायदेशीर सोय शोधायची, नाहीतर मुलांच्या शाळेसकट सगळं आवरायचं. १९२८ चा कामगार सहा महिने गावी बसून परत आपल्या खात्यावर जाऊ शकला, हे इथे आठवतं.

जपान तर सरळच सांगतो. एप्रिल २०१९ पासूनच्या त्यांच्या 'विशिष्ट कुशल कामगार' योजनेत (भारताने जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी करार केला) पहिल्या श्रेणीत एकूण पाच वर्षं आणि कुटुंब नाही. दुसऱ्या श्रेणीत पोचलात तर आणता येतं. आज तीन वर्षांचं मूल तेव्हा आठ वर्षांचं असेल, हा हिशोब एजंटच्या पत्रकात नसतो.

जर्मनी या सगळ्यांत बरा, असं माझं मत आहे. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, आरोग्य विम्यात न कमावणारी बायको-मुलं जादा हप्ता न देता येतात, मुलामागे भत्ता मिळतो, २०२५ मध्ये तो महिन्याला २५५ युरो होता. अडचण दोन ठिकाणी. जोडीदारालाही बहुतेक वेळा निदान प्राथमिक जर्मन यावं लागतं, आणि पगारातून सगळ्यांचा खर्च भागतो हे दाखवावं लागतं. शिकाऊ म्हणून गेलेल्या पोराच्या विद्यावेतनात ते दाखवणं कठीण. आणि श्टुटगार्टसारख्या शहरात भाड्याचं घर मिळणं म्हणजे गिरणगावातली खोली मिळण्यासारखंच.

आपल्या जिल्ह्याने या एकट्याने जाण्याची किंमत आधीच मोजलेली आहे. २००१ मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. देशाची वाढत असताना आपली घटली. दर हजार पुरुषांमागे बायका १,०३६. तेव्हा मुंबईत जितक्या बायका कमी, तितक्या इथे जास्त, हा जुना जमाखर्च अजून पुरता मिटलेला नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि परदेशी रोजगाराचे मेळावे भरवणाऱ्या सगळ्यांनाच एक मागणी. भाषेचे वर्ग चालवता ते उत्तमच आहे. पण त्यात एक दिवस जोडीनेही बोलवा, नवरा आणि बायको दोघांना. त्या देशात कुटुंब आणायला पगाराची अट काय, किती महिन्यांनी अर्ज करता येतो, जोडीदाराला काम करता येतं का, विमा कुणाचा, नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं, हे मराठीत कागदावर लिहून द्या. आणि जर्मनीला चाललेल्या पोरांनो, तुमच्या बायकोचंही नाव त्याच भाषेच्या वर्गात आत्ताच घाला. तुम्ही गेल्यावर ती शेती, म्हातारी माणसं आणि मुलं सांभाळून एकटी कुडाळला क्लासला जाईल, हे कठीण आहे.