सूक्ष्मप्रवाही उपकरणांद्वारे एकसमान सूक्ष्मकणांची निर्मिती

सूक्ष्मप्रवाही उपकरणांद्वारे एकसमान सूक्ष्मकणांची निर्मिती ही केसाइतक्या अरुंद नलिकांमधून द्रव वाहवून जवळजवळ एकाच आकारमानाचे कण तयार करण्याची पद्धत आहे. या कणांचा व्यास सामान्यतः काही मायक्रोमीटर ते काही शे मायक्रोमीटर असतो. संबंधित शाखेस सूक्ष्मप्रवाहिकी किंवा मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात.

एकसमानतेचे महत्त्व

गोलाकार कणाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्यास १० टक्क्यांनी वाढल्यास घनफळ सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते आणि कणात सामावणारे औषधही त्याच प्रमाणात वाढते. औषध बाहेर पडण्याचा वेगही कणाच्या आकारमानावर अवलंबून असतो. द्रव ढवळून पायस म्हणजेच इमल्शन बनवण्याच्या पारंपरिक पद्धतीत लहानमोठे थेंब एकत्रच तयार होतात. सूक्ष्मप्रवाही पद्धतीत मात्र व्यासाचा विचरण गुणांक बहुधा ५ टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येतो.

कार्यपद्धती

तेल आणि पाणी यांसारखे एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव नलिकांच्या संगमावर आणले जातात. बाहेरील द्रवाचा प्रवाह आतील धारेला ओढतो, तर आंतरपृष्ठीय ताण तिला एकसंध ठेवू पाहतो. या दोहोंच्या संघर्षातून धार ठरावीक अंतराने तुटते व सारखे थेंब पडतात. टॉड थॉर्सन, स्टीफन क्वेक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या संगमावर असे थेंब तयार केल्याचे प्रसिद्ध केले. प्रवाह-केंद्रीकरण या दुसऱ्या रचनेत बाहेरील द्रव आतील धारेला दोन्ही बाजूंनी आवळून अरुंद छिद्रातून नेतो. थेंबांचे आकारमान नलिकेची रुंदी, द्रवांची श्यानता व प्रवाहवेग यांवरून ठरते. थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पृष्ठक्रियाकारक वापरतात.

त्यानंतर थेंब घट्ट केले जातात. अल्जिनेटचे थेंब कॅल्शियम आयनांमुळे गोठतात. काही एकवारिकांचे अतिनील किरणांनी बहुवारिकीकरण होते, तर विद्रावक उडून गेल्यावर पीएलजीएसारख्या बहुवारिकाचे कण मागे उरतात.

मर्यादा

उत्पादनाचे अल्प प्रमाण ही प्रमुख अडचण आहे. ५० मायक्रोमीटर व्यासाचे १,००० थेंब दर सेकंदाला पडले, तरी तासाभरात केवळ पाव मिलिलिटर द्रव थेंबरूप होतो. त्यामुळे अनेक संगम समांतर जोडले जातात. मात्र एखादी नलिका तुंबल्यास इतर नलिकांतील प्रवाह बदलतो व कणांची एकसमानता बिघडते. सिलिकॉन रबराची उपकरणे अनेक सेंद्रिय विद्रावकांत फुगतात. अशा वेळी काचेची उपकरणे वापरतात.