चित्रपटातील बंडखोर आणि दप्तरातील बंडखोर : ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ (१९६९) व राघोजी भांगरे यांचे बंड – एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

चित्रपटाचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार करताना तो खरा की खोटा, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. त्याहून मूलभूत प्रश्न असा की, कथन कोणाच्या बाजूने होत आहे? प्रस्तुत निबंधात जॉर्ज रॉय हिल दिग्दर्शित व विल्यम गोल्डमन लिखित ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ या अमेरिकन चित्रपटाची शैली व आशय यांचे या दृष्टीने विवेचन केले आहे. तसेच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांच्या बंडाच्या शासकीय नोंदींशी त्याची तुलना केली आहे.

चित्रपटाची शैली :

चित्रपटाचा आरंभ जुन्या मूकपटाचा आभास निर्माण करणाऱ्या तपकिरी छटेतील दृश्यांनी होतो आणि काही काळाने पडद्यावर रंग अवतरतात. न्यूयॉर्कचा प्रवास केवळ स्थिर छायाचित्रांच्या मालिकेतून येतो. आपण पाहतो तो इतिहास नसून इतिहासाची प्रतिमा आहे, याचे भान या युक्त्या देत राहतात. रेल्वेवरील दरोड्यानंतर सुरू होणारा दीर्घ पाठलाग हा शैलीचा कळस होय. छायाचित्रकार कॉनरॅड हॉल यांनी पाठलाग करणाऱ्यांना दूरवरचे ठिपके, धूळ आणि रात्रीचे कंदील एवढ्याच रूपात ठेवले आहे. त्यांचे चेहरे जवळून दिसत नाहीत. त्यामुळे प्रेक्षक आपोआप पळणाऱ्यांच्या बाजूला उभा राहतो. बोलिव्हियातील अखेरच्या चकमकीत दोघे धावत बाहेर येतात आणि चित्र गोठते. गोळीबार ऐकू येतो, मृत्यू मात्र दिसत नाही.

आशय व त्यातील मौन :

चित्रपटाचा मुख्य विषय एका युगाचा अस्त हा आहे. घोड्याची जागा घेऊ पाहणारी सायकल, रेल्वे कंपनीची संपत्ती आणि संघटित पाठलाग ही त्या अस्ताची चिन्हे होत. अमेरिकन सीमाप्रदेश संपुष्टात आल्याचे १८९० च्या जनगणनेच्या आधारे सांगून फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. चित्रपट त्याच भावविश्वात वावरतो. तथापि, १८९२ मध्ये वायोमिंगमध्ये बडे पशुपालक व लहान वसाहतकार यांच्यात झालेल्या जॉन्सन काउंटी संघर्षाचा त्यात मागमूस नाही. प्रत्यक्षात हे दोघे १९०१ मध्ये अर्जेंटिनात गेले व चोलिला येथे काही वर्षे पशुपालन करून राहिले. हा स्थिर जीवनाचा प्रयत्नही वगळलेला आहे. परिणामी बंडखोरी हा केवळ स्वभावधर्म ठरतो.

राघोजी भांगरे : दप्तरातील चित्र :

सह्याद्रीच्या पट्ट्यातील महादेव कोळी नाईकांकडे डोंगरी किल्ल्यांची व घाटवाटांची राखण परंपरेने होती. १८१८ नंतर कंपनी सरकारच्या अमलात या कामाचे व त्याला जोडलेल्या हक्कांचे महत्त्व ओसरले. राघोजींचे वडील रामजी यांनीही यापूर्वी शस्त्र उचलले होते. १८४४-४५ च्या सुमारास राघोजींच्या नेतृत्वाखालील उठाव अहमदनगर, पुणे व ठाणे भागांत पसरला. सावकार हे त्याचे प्रमुख लक्ष्य होते. जानेवारी १८४८ मध्ये पंढरपूर येथे राघोजी पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाणे येथे त्यांना फाशी देण्यात आली.

१८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर गॅझेटियरसारख्या शासकीय ग्रंथांत हे सारे पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूने येते. तेथे अधिकाऱ्यांना नाव व हुद्दा आहे. नायक वगळता बंडातील माणसे मात्र केवळ ‘टोळी’ आहेत. चित्रपटातील मांडणीची ही नेमकी उलट बाजू होय.

तुलना :

एरिक हॉब्सबॉम यांचा सामाजिक दरोडेखोरीविषयीचा ‘बॅन्डिट्स’ हा ग्रंथ याच चित्रपटाच्या वर्षी, १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांच्या दृष्टीने बंडखोर गुन्हेगार का ठरत नाही, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. चित्रपट बंडखोराला सहानुभूती देतो, पण त्याच्या बंडाची कारणे देत नाही. शासकीय दप्तर सहानुभूती देत नाही. परंतु कर्ज, सावकारी व हिरावलेले हक्क यांच्या खुणा त्यात शिल्लक राहतात, कारण बंदोबस्तासाठी कारणे जाणणे राज्यकर्त्यांना आवश्यक होते.

निष्कर्ष :

१) सहानुभूती आणि स्पष्टीकरण या भिन्न गोष्टी आहेत. बंडखोराचे गौरवीकरण झाले म्हणजे त्याचा इतिहास लिहिला गेला, असे होत नाही.

२) हा चित्रपट १९०० च्या अमेरिकेपेक्षा व्हिएतनाम युद्धाच्या काळातील, सत्तेविषयी साशंक झालेल्या अमेरिकेचे साधन म्हणून अधिक उपयुक्त आहे.

३) राघोजींच्या शेवटाची तारीख व स्थळ उपलब्ध आहे, त्यांच्या साथीदारांचे जग मात्र ‘टोळी’ या एका शब्दाआड दडले आहे. अकोले परिसरातील मौखिक परंपरा व जमीन-कर्जाचे व्यवहार यांच्या एकत्रित अभ्यासातूनच तो शब्द उलगडू शकेल. स्थानिक इतिहासाच्या अध्यापकांपुढील खरे काम हेच आहे.