चालू डेटाबेसची झडती

डेटा प्रोफायलिंग म्हणजे टेबलातल्या प्रत्येक रकान्यात प्रत्यक्षात काय भरले आहे याची झडती: किती जागा रिकाम्या, किती मूल्ये वेगळी, तारखेच्या जागी भलतेच काही आहे का. मेनफ्रेमच्या काळात असली कामे रात्रीच्या बॅचमध्ये उरकत. दिवसाच्या व्यवहारांना झळ लागत नसे. 1990च्या दशकात डेटा वेअरहाउस रुजले आणि मूळ यंत्रणांतला डेटा आधी पारखणे भाग पडले. त्याच सुमारास चोवीस तासांच्या सेवांनी ती मोकळी रात्रही आक्रसून टाकली.

काउंटरवरचा कारकून एक खाते उघडतो, तेव्हा इंडेक्समुळे डेटाबेस मोजकीच पाने वाचतो. ‘या रकान्यात वेगळी मूल्ये किती’ या प्रश्नाला मात्र बहुधा अख्खे टेबल वाचावे लागते, वर सॉर्टिंगचा भार. नेहमीची पाने मेमरीतल्या बफरमधून बाहेर ढकलली जाऊ शकतात. वाचतानाही लॉक लावणाऱ्या डेटाबेसमध्ये नोंद करणारे ताटकळतात. दहा रकान्यांसाठी दहा क्वेरी सोडणे हा तर निव्वळ आडमुठेपणा. बरेचसे एकाच फेरीत मोजता येते.

हा भार हलका करणारे उपाय हळूहळू आले. एसक्यूएल या क्वेरी-भाषेच्या 2003च्या मानकात टेबलाचा नमुना घेणारे टेबलसॅम्पल हे कलम आले. एसक्यूएल सर्व्हर 2005मध्ये स्नॅपशॉट आयसोलेशन आले, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवेनासा झाला. फिलिप फ्लाजोले व सहकाऱ्यांच्या 2007च्या हायपरलॉगलॉग या अल्गोरिदमने वेगळ्या मूल्यांचा अंदाज काही किलोबाइटांत बसवला. नमुन्याची खोट एवढीच, की लाखातली एखादी चुकीची नोंद त्यातून निसटते, आणि झडती असते ती तिच्यासाठीच. त्यामुळे पूर्ण तपासणी मूळ डेटाबेसच्या प्रतिकृतीवर चालवण्याची पद्धत पडली.