महामार्गांवरील दिशावाचक संज्ञा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात वायथव्हिल नावाचे एक गाव आहे. त्याच्या पूर्वेस आठ-नऊ मैलांचा एक रस्ता असा आहे की, त्यावरून जाणारा प्रवासी अधिकृतपणे एकाच वेळी उत्तरेकडेही जात असतो आणि दक्षिणेकडेही. आंतरराज्य महामार्ग ७७ आणि आंतरराज्य महामार्ग ८१ हे दोन मार्ग तेथे काही अंतरापुरते एकत्र येतात. ७७ वरून 'उत्तर' अशी पाटी पाहून निघालेला मनुष्य या टापूत ८१ ची 'दक्षिण' अशी पाटीही वाचतो. आणि त्याच्या गाडीचे तोंड प्रत्यक्षात बरेचसे पश्चिमेकडे असते. कॅलिफोर्नियात ओक्लंडच्या उत्तरेस असाच प्रकार आहे. तेथे क्रमांक ८० ची 'पूर्व' आणि क्रमांक ५८० ची 'पश्चिम' या दोन्ही पाट्या एकाच खांबावर असतात व रस्ता चालला असतो उत्तरेला.

या गोष्टी सामान्यतः गंमत म्हणून सांगितल्या जातात. सांगणाराचा रोख असा असतो की, रस्ते आखणाऱ्या अभियंत्यांस दिशांचे ज्ञान नव्हते किंवा सरकारी कारभार असाच गबाळा असावयाचा. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष मान्य नाही. या पाट्यांवरील 'उत्तर' हा शब्द होकायंत्राच्या सुईविषयी काही सांगतच नाही. तो मार्गाच्या एका टोकाचे नाव आहे. शब्दाचा अर्थ असा का सरकला, हे पाहावयाचे तर त्या मार्गांना क्रमांक कसे मिळाले याच्या इतिहासात शिरावे लागते.

मोटारींच्या आरंभकाळी अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या रस्त्यांना क्रमांक नव्हते, नावे होती. न्यू यॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा 'लिंकन हायवे' १९१३ साली जाहीर झाला. दक्षिणेकडे जाणारा 'डिक्सी हायवे' १९१५ चा. ही नावे सरकारने दिलेली नसून खाजगी मंडळांनी दिली होती. वाटेवरील खांबांवर ठराविक रंगांचे पट्टे ओढावयाचे, नकाशे काढावयाचे आणि वर्गणी गोळा करावयाची, असा या मंडळांचा व्यवहार होता. एकाच रस्त्यावर दोन-तीन मंडळांचे पट्टे दिसत, आणि रस्ता कोणत्या गावातून न्यावयाचा याचा निर्णय अंतराइतकाच गावच्या व्यापाऱ्यांच्या उत्साहावरही अवलंबून असे. १९१८ साली विस्कॉन्सिन राज्याने आपल्या रस्त्यांना प्रथम क्रमांक दिले व इतर राज्यांनी तो कित्ता गिरविला. परंतु राज्याची सीमा ओलांडली की क्रमांक बदले. ही अडचण दूर करण्यासाठी १९२५ साली केंद्राच्या कृषी खात्याने राज्यांचे महामार्ग-अधिकारी आणि सार्वजनिक रस्ते विभागाचे अधिकारी यांचे एक संयुक्त मंडळ नेमले. त्या विभागातील एडविन जेम्स यांनी सुचविलेली रचना साधी होती. उत्तर-दक्षिण मार्गांना विषम क्रमांक द्यावयाचे व ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत न्यावयाचे. पूर्व-पश्चिम मार्गांना सम क्रमांक द्यावयाचे व ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत न्यावयाचे. म्हणून अटलांटिक किनाऱ्यावरील मार्ग १ क्रमांकाचा आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील १०१ क्रमांकाचा झाला. शून्याने संपणारे क्रमांक पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य मार्गांसाठी राखून ठेवले गेले.

ही जाळीदार रचना जेम्स यांच्या टेबलावर अचानक उगवली असे मानण्याचे कारण नाही. १७८५ च्या भूमि-अध्यादेशाने ओहायोपलीकडील मोठ्या प्रदेशाची मोजणी चौरसांत झाली होती. शेतांचे बांध, गावांच्या शिवा आणि गाडीवाटा त्या चौरसांच्या कडेने, म्हणजे सरळ उत्तर-दक्षिण वा पूर्व-पश्चिम धावत. अशा प्रदेशातील शेतकऱ्याला 'उत्तरेकडचा रस्ता' हे वर्णन पुस्तकी वाटत नाही. आपल्याकडील मनुष्य 'ओढ्याकडचा रस्ता' म्हणतो, तितक्याच सहजपणे तो ते म्हणतो. सपाट प्रदेशात रुजलेली ही शब्दयोजना पुढे अ‍ॅपलेशियन डोंगर, नद्यांची खोरी आणि समुद्राचे वळसे यांवरही लादली गेली, आणि तिची परीक्षा तेथेच झाली.

पहिला झगडा मात्र डोंगरावरून नव्हे, क्रमांकावरून झाला. शिकागो ते लॉस एंजेलिस या सुमारे २,४४८ मैलांच्या मार्गास प्रथम ६० हा क्रमांक देण्यात आला होता. आता हा मार्ग शिकागोहून निघतो तो नैर्ऋत्येकडे. सेंट लुईसपर्यंत तो पश्चिमेपेक्षा दक्षिणेलाच अधिक जातो, पुढे ओक्लाहोमा सिटीपर्यंत तिरपा उतरतो आणि तेथून खऱ्या अर्थाने पश्चिमवाही होतो. तो ना धड उभा, ना धड आडवा. तरी त्यास शून्यान्त असा मानाचा क्रमांक लाभला. केंटकी राज्यातून मात्र शून्यान्त क्रमांकाचा एकही मार्ग जात नव्हता. गव्हर्नर विल्यम फील्ड्स यांनी याविरुद्ध तक्रार केली आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून केंटकीमार्गे येणाऱ्या रस्त्यास ६० क्रमांक मिळावा असा आग्रह धरला. ओक्लाहोमाचे सायरस एव्हरी आणि मिसुरी व इलिनॉय येथील अधिकारी मागे सरण्यास तयार नव्हते. मिसुरीत तर ६० क्रमांकाचे नकाशेही छापून झाले होते. अखेर एप्रिल १९२६ मध्ये शिकागोच्या मार्गासाठी ६६ हा मोकळा राहिलेला क्रमांक स्वीकारण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्व योजनेस मंजुरी मिळाली. पुढे ज्या आकड्याभोवती एवढी कीर्ती जमली, तो मुळात तडजोडीचा आकडा होता. येथे आपल्याला महत्त्वाचे हे की, वादात भाग घेणाऱ्या कोणीही रस्त्याचे वळण मोजले नाही. हा मार्ग सम की विषम, हे त्याच्या दोन टोकांवरून ठरले.

ती निवड किती वैकल्पिक होती, हे तीस वर्षांनी दिसून आले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांची योजना आली. १९५७ मध्ये तिचे क्रमांकन झाले तेव्हा जुन्या क्रमांकांशी घोटाळा होऊ नये म्हणून जाळी उलटी करण्यात आली : विषम क्रमांक पश्चिमेकडून आणि सम क्रमांक दक्षिणेकडून वाढू लागले. जुन्या ६६ च्या वाटेवर नवे मार्ग आले. त्यांपैकी शिकागो ते सेंट लुईस हा पल्ला ५५ क्रमांकाच्या मार्गाकडे गेला, कारण तो मार्ग पुढे मिसिसिपीच्या काठाने दक्षिणेस जातो. सेंट लुईसपासून पुढचा पल्ला ४४ कडे व त्यापुढचा ४० कडे गेला. म्हणजे इलिनॉयमधील तीच जमीन, तीच गावे, वाटेचा तोच तिरपेपणा. पण १९२६ च्या हिशेबी जी वाट पूर्व-पश्चिम होती, ती १९५७ च्या हिशेबी उत्तर-दक्षिण झाली. जमीन हलली नव्हती. वाटेचे दूरचे टोक तेवढे बदलले होते. १९८५ साली ६६ हा क्रमांक अधिकृतपणे रद्द झाला, तेव्हा जुनी गणना संपली.

यावरून दिशावाचक शब्दाचे दोन अर्थ वेगळे काढता येतात. एक अर्थ 'गाडीचे तोंड आता कोठे आहे' हा. दुसरा 'ही बाजू मार्गाच्या कोणत्या टोकाकडे नेते' हा. सरळ रस्त्यावर हे दोन्ही अर्थ एकरूप असल्यामुळे त्यांतील भेद जाणवत नाही. रस्ता वळला की तो उघडा पडतो. टेनेसीतील किंग्सपोर्टपासून चार्ल्स्टन बंदराकडे येणारा २६ क्रमांकाचा मार्ग सम आहे. परंतु अ‍ॅशव्हिलच्या पलीकडे 'पश्चिम' या पाटीखाली प्रवासी जवळजवळ नीट उत्तरेला डोंगर चढत असतो. किनाऱ्याचा १०१ क्रमांकाचा मार्ग वॉशिंग्टन राज्यात समुद्राकाठाने उत्तरेस जातो, ऑलिम्पिक द्वीपकल्पास वळसा घालतो आणि पुन्हा दक्षिणेस उतरून ऑलिम्पियाजवळ संपतो. त्याचे 'उत्तर टोक' त्याच्याच वाटेवरील पोर्ट एंजेलिस या गावाच्या दक्षिणेस आहे!

मिशिगन राज्याने याबाबत निराळा मार्ग पत्करला. इंडियानापोलिसकडून येणारा ६९ क्रमांकाचा मार्ग लॅन्सिंगपर्यंत उत्तरेस जातो आणि मग वळून फ्लिंटवरून पोर्ट ह्यूरॉनच्या सरहद्दीपर्यंत पूर्वेस जातो. त्या राज्याने लॅन्सिंगजवळ पाटीवरील शब्दच बदलला आहे; 'उत्तर' संपते व 'पूर्व' सुरू होते. येथे पहिल्या अर्थाला प्राधान्य मिळाले. आमच्या मते वळण एकच असून कायमचे असेल तर हे योग्य आहे; पण प्रत्येक वळणाला पाटीने मान हलवावी असे ठरविले तर प्रवाशाच्या हाती काहीच स्थिर राहणार नाही. चौकात त्याला दोन-चार क्षणांत निर्णय घ्यावयाचा असतो. त्यासाठी शब्दाने भूगोल खरा सांगितला पाहिजे असे नाही. समोरच्या विरुद्ध शब्दापासून तो वेगळा असला आणि शेवटपर्यंत वेगळा राहिला, म्हणजे पुरे. शब्दाचे मूल्य त्याच्या भेदात असते, हे सोस्यूरचे तत्त्व आपण वर्गात ध्वनींच्या उदाहरणांनी शिकवितो. ते या पाट्यांच्या उदाहरणाने अधिक लवकर पटावे.

दिशांच्या शब्दांना असे अर्थान्तर नवीन नाही. संस्कृतातील 'दक्षिण' म्हणजे मुळात उजवा. सूर्योदयाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या उजव्या हाताची ती बाजू. 'प्राची' पुढची, 'प्रतीची' मागची, 'उदीची' वरची आणि 'अवाची' खालची. देहावरून निघालेले हे शब्द पुढे देहापासून सुटले आणि आकाशाशी बांधले गेले. अमेरिकेतील पाटीवर तोच शब्द आकाशापासूनही सुटला व रस्त्याच्या टोकाशी बांधला गेला, इतकेच. आपल्या रेल्वेतही याचा एक नमुना आहे. मुंबईकडे येणारी गाडी 'अप' आणि मुंबईहून निघणारी 'डाउन' असा मध्य रेल्वेवरचा संकेत. त्यामुळे बोरघाट धापा टाकीत चढणारी गाडी 'डाउन' असते आणि खंडाळ्याहून कर्जतला उतरणारी 'अप'. याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. उलट मराठीने 'अपडाउन करणे' असे क्रियापद करून त्यातून दिशा पार काढून टाकली. आता ते केवळ रोजचे जाणे-येणे आहे.

तथापि हा संकेत कोठेच मोडत नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. फिलाडेल्फियाकडून ९५ क्रमांकाने 'उत्तर' धरून निघालेला प्रवासी डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत शिरे. ट्रेन्टनला वळसा घालीत असता, तो कोठेही बाहेर पडला नसताना, त्याच सडकेचे नाव '२९५ दक्षिण' असे होई. नियोजित जोडरस्ता न बांधला गेल्यामुळे ९५ चा धागा तेथे तुटला होता. या ठिकाणी शब्द दोन्ही अर्थांनी निकामी झाला होता. कारण ज्या टोकाचे नाव घ्यावयाचे, त्या टोकाकडे तो रस्ता जातच नव्हता. २०१८ साली पेन्सिल्व्हेनियातील नव्या जोडणीने ९५ चा मार्ग सांधला गेला आणि वळशाचा सर्व भाग २९५ कडे देण्यात आला. गमतीची गोष्ट अशी की, त्या २९५ वर न्यू जर्सीत 'उत्तर-दक्षिण' व पेन्सिल्व्हेनियात 'पूर्व-पश्चिम' अशा पाट्या आहेत.

राजधानी वॉशिंग्टनभोवतीच्या वर्तुळमार्गावर, जो १९६४ साली पूर्ण झाला, होकायंत्राचे शब्द टिकणे अशक्यच होते. वर्तुळाला टोके नसतात. तेथे 'आतले कडे' आणि 'बाहेरचे कडे' हे शब्द रूढ झाले. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालत असल्यामुळे आतले कडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. आपल्याकडे हेच शब्द घेतले तर आतले कडे उलटे फिरेल. शब्द उसने घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भारतात २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे जे पुनःक्रमांकन झाले, त्यात सम-विषमाचे हेच तत्त्व आहे : सम क्रमांक उत्तर-दक्षिण, विषम क्रमांक पूर्व-पश्चिम. दिल्ली-मुंबई हा जुना ८ आणि ठाणे-चेन्नई हा जुना ४ यांना सांधून ४८ हा एक मार्ग झाला. दिल्लीहून तो नैर्ऋत्येस राजस्थानात उतरतो, गुजरातेतून मुंबईस येतो, पनवेलनंतर आग्नेयेस घाट चढून पुण्यास जातो, कोल्हापूरपर्यंत दक्षिणवाही असतो आणि बंगळूरहून सरळ पूर्वेस समुद्राकडे जातो. सम क्रमांक या साऱ्यावर पांघरूण घालतो. परंतु आपल्या पाट्यांवर दिशेचा शब्द नसतो, पुढच्या गावाचे नाव व अंतर असते. म्हणून वायथव्हिलचा विरोधाभास येथे उत्पन्न होत नाही. आपली भाषाही टोकावरूनच रस्ता ओळखते. पुण्यात ज्याला नाशिक रस्ता म्हणतात, त्यालाच नाशकात पुणे रस्ता म्हणतात. सोलापूर रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्ता ही सर्व नावे बोलणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून आहेत. हा गुण तसाच दोषही आहे, कारण अशा नावाने रस्त्याच्या मधोमध राहणाऱ्याला काही बोध होत नाही. मंचरच्या मनुष्याच्या दारावरून एकच रस्ता दोन्ही नावांनी जातो. क्रमांकाने ही उणीव भरून निघावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ४८ हा आकडा कागदोपत्री रुळला असला, तरी पुण्याच्या पश्चिम बाजूस त्या रस्त्याला 'एनएच फोर' म्हणणारे लोक अद्याप भेटतात.