मुखत्यारपत्रावरचे घर

घर घेण्याची तयारी म्हटली की पैशाचाच विचार प्रथम मनात येतो. राजधानीत राहणाऱ्या आम्हां केंद्र सरकारी नोकरांना मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास निराळे सांगतो. येथे पैसा हे तयारीचे एक अंग. दुसरे अंग कागदांचे, आणि तेच अधिक अवघड.

१९५६ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी घरबांधणी अग्रिमाची योजना आणली. तीत हप्त्यांतून आधी मुद्दल फिटते, व्याज मागाहून. ही सोय बेताच्या पगारदाराला मोलाची. पण घर राष्ट्रपतींच्या नावे गहाण ठेवावे लागते, आणि गहाण ठेवायचे तर त्यावरील आपला हक्क निर्वेध असावा लागतो. दिल्लीत घोडे येथेच अडले.

१९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि १९६१ च्या धोरणान्वये सरकारने शहरालगतची जमीन संपादन करून भाडेपट्ट्याने द्यावयाचे ठरविले. सट्टेबाजीस आळा घालण्याचा हा हेतू आम्ही वाईट म्हणणार नाही. पट्टेदाराने विक्री करायची तर परवानगी घ्यावी आणि जमिनीच्या वाढलेल्या किमतीचा निम्मा हिस्सा सरकारात भरावा, अशी अट होती. ती चुकविण्यासाठी लोकांनी मुखत्यारपत्राची वाट काढली. विकणारा खरेदीखत करीतच नसे. विक्रीचा करार, मुखत्यारपत्र, पैशाची पावती आणि मृत्युपत्र असा जुडगा हाती ठेवून तो ताबा देई. दप्तरी मालक तोच राही. तो वारला तर मुखत्यारपत्र निकामी होण्याची धास्ती, म्हणून मृत्युपत्राची जोड! स्वतःच्या घरासाठी परक्याचे मृत्युपत्र पेटीत जपून ठेवणारे गृहस्थ या शहरात थोडेथोडके नव्हते.

सरळ मार्गाने जाणाऱ्यांची कथाही फारशी सुखाची नाही. प्राधिकरणाच्या १९७९ च्या योजनेत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांनी सदनिकांसाठी नाव नोंदविले. त्यांतील अनेकांची प्रतीक्षा दोन दशकांहूनही लांबली. नोंदणीच्या वेळी पाळण्यात असलेली मुले तोवर कमावती झाली. इतके थांबणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांनी मुखत्यारपत्राचा आश्रय केला तर नवल कसले?

१९९२ साली पट्ट्याचे रूपांतर पूर्ण मालकीत करण्याची मुभा मिळाली. मुखत्यारपत्रधारकांनाही ती अधिभार भरून घेता येऊ लागली. तरी जुनी रीत सुटली नाही. अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. पुढे २०१९ साली संसदेने दिल्लीतील अनधिकृत वसाहतींसाठी कायदा केला. तेथील रहिवाशांना मालकी मिळावयाची होती ती मुखत्यारपत्र, विक्रीचा करार, मृत्युपत्र, ताब्याचे पत्र, अशाच कागदांच्या आधारे. पेटीतला तो जुडगा पुन्हा बाहेर निघाला.